धुराचा रंग आणि ज्येष्ठांचा श्वास

कफाचा रंग विचारल्याशिवाय खोकल्याच्या रुग्णाची तपासणी पुरी होत नाही. पांढरा, पिवळा की रक्तमिश्रित, एवढ्या उत्तरावरून पुढील दिशा ठरते. घरासमोरच्या डिझेल मोटारीलाही हाच न्याय लागू पडतो. सायलेन्सरमधून येणाऱ्या धुराचा रंग हे तिच्या बिघाडाचे पहिले लक्षण असते.

आरोग्याच्या पाक्षिकात मोटारीचा विषय कशाला, असे आपणांस वाटेल. त्याला दोन कारणे आहेत. मिरजगाव, राशीन किंवा सिद्धटेक परिसरातील वृद्धांना मोठ्या तपासण्यांसाठी कर्जतहून पुढे अहिल्यानगर, बारामती किंवा पुणे गाठावे लागते, तेव्हा अनेकदा घरची जुनी डिझेल गाडीच रुग्णवाहिका होते. ती वाटेत बंद पडून चालत नाही. दुसरे असे की, तिचा धूर सर्वांत आधी ओसरीवर बसलेल्या आजी-आजोबांच्या छातीत जातो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा जोराने दाबली की ती तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. पुरेशी हवा, योग्य वेळी योग्य फवारा आणि पुरेसा दाब या तिन्ही गोष्टी जुळल्या, तर धूर जवळजवळ दिसत नाही. एखादी बिघडली की रंग बोलू लागतो.

काळा धूर म्हणजे डिझेल अधिक आणि हवा कमी. आपल्याकडील धुळीच्या रस्त्यांवर एअर फिल्टर लवकर चोंदतो, म्हणून प्रथम तोच पाहावा. त्यानंतर इंजेक्टर व टर्बो तपासावेत. जुनी गाडी भरलेली असताना चढावर क्षणभर काळी फुंकर टाकते, ते फारसे चिंतेचे नाही. सपाट रस्त्यावरही काजळी येत राहिली तर गॅरेज गाठावे. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-६ डिझेल मोटारींत काजळी अडवणारी गाळणी असते. अशा गाडीतून काळा धूर दिसणे हेच बिघाडाचे लक्षण. गाळणी काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

निळसर धूर म्हणजे इंजिनचे ऑइल जळत आहे. पिस्टन रिंग झिजणे किंवा टर्बोमधून ऑइल गळणे ही त्याची नेहमीची कारणे होत. ऑइलची पातळी दर आठवड्याला पाहावी. ती वारंवार खाली जात असेल, तर दुरुस्तीपूर्वी रुग्णाला घेऊन लांबचा प्रवास करू नये.

पांढरा धूर थंडीत सकाळी काही मिनिटे दिसून विरला, तर ती बहुधा निव्वळ वाफ असते. तो टिकून राहिला, डोळ्यांना झोंबला व कच्च्या डिझेलचा वास आला, तर हीटर प्लग, इंजेक्टर किंवा कमी झालेला दाब यांचा संशय घ्यावा. वास गोडसर असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गास्केट फुटलेले असू शकते. अशी गाडी वाटेतच तापून बंद पडते. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. उकळती वाफ चेहरा भाजते.

आता शरीराकडे वळू. डिझेलच्या काजळीचे कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाहूनही लहान असतात. ते फुप्फुसात खोलवर उतरतात. धुरातील नायट्रोजनचे वायू श्वासनलिकांना सूज आणतात. वयोमानाने खोकून कफ बाहेर टाकण्याची शक्ती मंदावलेली असते. त्यामुळे दमा, जुनाट श्वासविकार आणि हृदयरोग असलेल्यांचा त्रास धुराने बळावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये डिझेलचा धूर मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवला आहे.

घरातील काळजीवाहकांनी पुढील पथ्ये पाळावीत. गाडीचे मागचे तोंड रुग्णाच्या खिडकीकडे ठेवू नये. अंगणात गाडी तापवत उभी न करता सुरू करून लगेच सावकाश चालवावी. इंजिन चालण्यानेच लवकर तापते. बंद शेडमध्ये इंजिन क्षणभरही चालू ठेवू नये. चाकाची खुर्ची मावत नाही म्हणून डिकी उघडी ठेवून प्रवास केला, तर मागचा धूर आत ओढला जातो. पुढे ट्रक धूर सोडत असल्यास काचा लावून एसीची हवा आतल्या आत फिरवावी. मात्र स्वतःच्याच गाडीचा धूर आत येत असेल, तर सर्व काचा उघडून गाडी थांबवावी.

गाडीतील अनेकांना एकाच वेळी डोकेदुखी, चक्कर किंवा मळमळ होऊ लागली, तर कार्बन मोनॉक्साइडची शंका घ्यावी. या वायूला वास नसतो. कोविडकाळात घेतलेला बोटाचा ऑक्सिमीटर येथे फसवतो: विषबाधा झालेली असतानाही तो आकडा चांगला दाखवू शकतो. आकड्यावर विसंबू नका. रुग्णाला मोकळ्या हवेत आणून 108 वर फोन करा. छातीत दुखणे किंवा नेहमीच्या पंपानेही न उतरणारी धाप यासाठीही हाच मार्ग.

पीयूसी प्रमाणपत्र जुन्या गाड्यांना सहा महिन्यांनी, तर बीएस-४ व पुढील गाड्यांना वर्षाने घ्यावे लागते. त्या चाचणीत धुराची गडदता मोजली जाते, बिघाडाचे कारण शोधले जात नाही. म्हणून कागद खिशात असला तरी डोळे उघडे ठेवावेत. येत्या रविवारी इंजिन गरम झाल्यावर कोणाला तरी एक्सलरेटर दाबायला सांगा आणि बाजूला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहून रंग पाहा. दिसलेला रंग, वास आणि तो केव्हा दिसतो एवढे कागदावर लिहून मेकॅनिकला द्या. डॉक्टरकडे जाताना लक्षणे नीट सांगितली की उपचार सोपे होतात, तसेच येथेही आहे.