मिठावाचून न जगणारे जीव

लोणच्यात मीठ कमी पडले की बुरशी धरते, हे घरोघरी ठाऊक असते. मासळीही खारवून टिकवतात. परासरण शिकवताना आपण याचे कारण सांगतो: बाहेर मीठ जास्त असले की पेशीतले पाणी बाहेर पडते, पेशी आक्रसते आणि जीवाणूंची वाढ थांबते.

पण खारवलेल्या मासळीवर कधीकधी लालसर डाग पडतात. मिठागरातले पाणी आटून मीठ धरू लागले की तेही गुलाबी दिसू लागते. हा रंग जिवंत पेशींचा असतो. मग आपण शिकवलेला नियम चुकला का?

नियम चुकलेला नाही. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात. या जीवांपैकी पुष्कळांची वाढ 20 ते 25 टक्के मिठात उत्तम होते. बाहेर सोडियम क्लोराइड दाटलेले असताना ते पेशीत पोटॅशियम क्लोराइड साठवतात. आत-बाहेर तोल साधला की पाणी निघून जात नाही. एवढ्या क्षारात इतर जीवांची बहुतेक प्रथिने निकामी होतात. यांच्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर मात्र ऋण प्रभार भरपूर असतो, त्यामुळे ती विरघळलेली राहतात. पण मीठ काढून घेतले की हीच प्रथिने विस्कटतात. गोड्या पाण्यात या पेशी फुटून जातात.

यांपैकी एकाचे नाव आहे हॅलोबॅक्टेरियम, पण हे जीव बॅक्टेरिया नव्हेत. 1977 मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी आरएनएच्या तुलनेवरून सूक्ष्मजीवांचा एक निराळाच गट दाखवून दिला. त्याला आज आर्किया म्हणतात. मीठप्रेमी जीव त्यातलेच.

जून 2020 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर गुलाबी झाले, तेव्हा बरीच चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा हेच जीव सापडले. उन्हाने पाणी आटले, क्षार वाढले, तसे हे जीवही वाढले. रंग होता त्यांच्या पेशींतील कॅरोटिनॉइडांचा, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या भाऊबंदांचा.

तेव्हा फळ्यावर ‘मिठात जीव वाढत नाहीत’ असे न लिहिता ‘बहुतेक जीव वाढत नाहीत’ असे लिहू या. त्या एका शब्दामुळे एखादी मुलगी विचारील, “मग कोणते वाढतात?” धडा तिथूनच पुढे न्यावा.