लाऊडस्पीकर बंद झाल्यावर वाजणारी गिटार

भीमगीतांच्या पार्टीत इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी मुले ठाणे, उल्हासनगर, कल्याणच्या वस्त्यांत कमी नाहीत. चौदा एप्रिलच्या स्टेजवर त्यांचा हात ऐकावा! पण हाच वादक पौर्णिमेला विहारात किंवा एखाद्या घरी पुण्यानुमोदनाला बसला, की अँपशिवाय त्याचे अडते. त्यात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचा लाऊडस्पीकर एरवी बंदच. मग गाणे थांबवायचे का?

आमच्या वस्तीतल्या अशाच एका वादकाने अ‍ॅकॉस्टिक घ्यायचे ठरवले. हात मुरलेला, तेव्हा कोणतीही चालेल, असे त्याला वाटले. दुकानात पाच मिनिटांत बोटे दुखू लागली. कारण साधे आहे. इलेक्ट्रिकची सर्वांत बारीक तार .००९ किंवा .०१० इंचाची असते, अ‍ॅकॉस्टिकला बहुधा.०१२ ची लावतात. इलेक्ट्रिकची तिसरी तार साधी, तर अ‍ॅकॉस्टिकची गुंडाळलेली. त्यामुळे तार ओढून सूर चढवण्याची सवय इथे चालत नाही. अशा वादकाने दुकानदाराला .०११ चा सेट लावून मागावा. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास असावी. प्रत्येक फ्रेट दाबून पाहावा. कुठेही खरखर नको.

दुसरी गोष्ट आकाराची. मोठ्या पोटाची ड्रेडनॉट गिटार आवाजाला दणदणीत. पण आपण विहारात सतरंजीवर मांडी घालून बसतो. तिथे ती उजव्या खांद्याला जड जाते. सडपातळ इलेक्ट्रिकची सवय असलेल्याने लहान, कमरेशी निमुळती गिटार मांडीवर घेऊन पाहावी. वरच्या सुरांवर हात जाणारा असेल, तर खाच असलेली घ्यावी.

तिसरी गोष्ट लाकडाची. आवाजाच्या भोकाची कड नीट पाहा. वरच्या रेषा कडेतून सरळ खाली उतरल्या, तर फळी अखंड आहे. थर दिसले, तर प्लाय. अखंड फळीचा आवाज सहसा अधिक खुलतो. स्टेजवरही वाजवायची असेल, तर पिकअप बसवलेली घ्या; फक्त विहारासाठी असेल, तर तोच पैसा लाकडात घाला. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेने लाकूड फुगते, तारा वर येतात. म्हणून ओल्या भिंतीला टेकवू नका, पेटीत ठेवा. तारा आणि सेटिंगचा खर्चही आधीच हिशेबात धरा.

घरखर्चातून काटकसरीने साठवलेला पैसा आहे. फोटो पाहून मागवू नका. सीएसएमटीला उतरून धोबी तलावापर्यंत चालत जा. तिथे वाद्यांची जुनी दुकाने आहेत. फुर्टाडोज तर १८६५ पासूनची. चार गिटारी वाजवा, नाही पटली तर रिकाम्या हाताने परत या.

आमचा वादक दोनदा तसाच परतला. तिसऱ्यांदा लहान आकाराची गिटार घेऊन आला. पौर्णिमेला वंदना झाल्यावर त्याने वामनदादांचे एक गीत माइकशिवाय वाजवले. मागे बसलेल्या आजीही गुणगुणू लागल्या. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिनचे धडे घेतले होते. आपल्या मुलांच्या हाती वाद्य द्यायला वय आडवे येऊ देऊ नका.