पाइपची शिडी अन् दोरीचे चेंडू: पालीच्या अंगणात मावणारा खेळ घरीच कसा बनवाल? ‘पाऊण इंची द्या’ म्हणण्याआधी हे वाचा

भाईंदर : उत्तनजवळच्या पाली गावात (अष्टविनायकांचे पाली ते वेगळे) बोंबील कसे वाळवतात, हे पाहिलेल्याला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकतात. एक अलीकडे, एक पलीकडे लोंबतो. ‘लॅडर टॉस’मध्ये बोंबलांच्या जागी दोरीने जोडलेले दोन चेंडू असतात आणि ते लांबून फेकून शिडीच्या दांडीवर लटकवायचे असतात.

१९९०च्या दशकात अमेरिकेतील कॅम्पिंगच्या मैदानांवर हा खेळ पसरला. चेंडूंच्या जोडीला तिथे ‘बोला’ म्हणतात. मराठी कानाला गंमत वाटेल, पण तो ‘चेंडू’साठीचा स्पॅनिश शब्द आहे. दक्षिण अमेरिकेतील गुराखी दोरीला वजने बांधून जनावरांच्या पायात फेकत, त्या हत्यारावरून हे नाव आले.

तयार संच ऑनलाइन मिळतो. पण नळाच्या सामानाच्या दुकानातून पाइप आणून शिडी घरीच जोडता येते. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडाला गंज चढतो, प्लॅस्टिकला नाही.

किती पाइप लागतो?

एका शिडीला तीन मीटरच्या दोन नळ्या पुरतात. ६० सेंटिमीटरच्या तीन आडव्या दांड्या, ३३ सेंटिमीटरचे सहा उभे तुकडे आणि पायांसाठी ३० सेंटिमीटरचे चार. पहिल्या नळीतून तिन्ही दांड्या आणि तीन उभे तुकडे निघतात, बाकीचे दुसरीतून. जोडीला सहा ‘टी’, दोन एल्बो, चार एंड कॅप आणि कापायला हॅकसॉ. समोरासमोर खेळायचे तर हेच सगळे दुप्पट.

पैसे वाया कुठे जातात?

दुकानात ‘पाऊण इंची’ म्हटले की तीन वेगळ्या वस्तू पुढ्यात येऊ शकतात. गरम पाण्याच्या पिवळसर सीपीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास २२.२ मिलिमीटर असतो, पांढऱ्या यूपीव्हीसीचा २६.७. शेतीचा करडा पाइप तर इंचात मोजतच नाहीत. २५ मिलिमीटर म्हणजे बाहेरून २५. नाव एक असले तरी एकाची फिटिंग दुसऱ्याला बसत नाही. त्यामुळे पाइप, फिटिंग आणि सोल्व्हंट एकाच प्रकारचे घ्या आणि दुकानातच एक जोड बसवून पाहा. खेळासाठी पांढरा यूपीव्हीसी बरा. वायरिंगचा पातळ पाइप स्वस्त पडतो, पण चेंडूंच्या माऱ्याने लचकतो.

सोल्व्हंट काही सेकंदांत धरतो, मग जोड फिरवता येत नाही. म्हणून आधी सगळी शिडी कोरडीच जोडा, सपाट जमिनीवर उभी करा आणि प्रत्येक जोडावर पेन्सिलने आडवी रेघ मारा. चिकटवताना रेघा जुळल्या पाहिजेत. नाहीतर एक ‘टी’ तिरपा बसतो आणि दांडी वाकडी राहते. चिकटवायच्या त्या फक्त दोन्ही बाजूंच्या चौकटी. आडव्या दांड्या नुसत्या घट्ट बसवल्या की खेळ संपल्यावर सगळे सुटे होऊन दाराआड मावते. लहान घरांत हा मुद्दा गुणांपेक्षा महत्त्वाचा.

किनाऱ्यावरच्या वाऱ्यात ही हलकी शिडी सहज आडवी होते. पायांच्या नळ्यांत कोरडी वाळू भरून कॅप लावा; चार पायांत मिळून अर्ध्या किलोहून जास्त वजन बसते.

चेंडू कोणते?

मूळ खेळात गोल्फचे चेंडू असतात, साधारण ४५ ग्रॅमचे. तेवढ्याच वजनाचे भरीव रबरी चेंडू चालतात. भोक पाडताना चेंडू हातात न धरता शिकंज्यात पकडा, ड्रिल घसरते. दोन चेंडूंत ३३ सेंटिमीटर दोरी ठेवा. दोरी दांडीला अडली तरी पुढचा चेंडू थांबत नाही, तो फिरून दांडीला वेढा घालतो. दोरी फार आखूड असेल तर वेढा बसत नाही आणि जोडी उसळून परत येते. कोळीवाड्यात जाळ्याची नायलॉन दोरी घरातच असते. तिची गाठ सुटते, म्हणून दुहेरी मारून टोक मेणबत्तीवर वितळवा.

उरलेले तुकडे मात्र जाळू नका. पीव्हीसी जळताना घशाला आणि डोळ्यांना झोंबणारा हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. अख्ख्या मीरा-भाईंदरचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो आणि तिथल्या आगींचा धूर काय असतो, हे आसपासच्या गावांना सांगायला नको. सुक्या कचऱ्यात द्या, किंवा दुसऱ्या शिडीसाठी ठेवा.

गुण कसे मोजतात?

फेकणारा शिडीपासून १५ फुटांवर उभा राहतो. प्रत्येकाला तीन जोड्या, रंग वेगळे. वरच्या दांडीला ३, मधल्या दांडीला २, खालच्या दांडीला १ गुण. प्रतिस्पर्ध्याची लटकलेली जोडी पाडता येते आणि शेवटी जे लटकलेले राहील तेवढेच मोजतात. जिंकायला बरोबर २१ लागतात. पुढे गेलात तर त्या फेरीचे गुण धरत नाहीत. फेकताना शिडीच्या मागे लहान मुले, काचा आणि वाळत घातलेली मासळी नको.