चौफुलीपर्यंतची गाणी

सकाळचे सात वाजलेत. अंबडच्या स्टँडबाहेर काळीपिवळी उभी आहे, काचांवर फेब्रुवारीचा गारठा. मला ड्रायव्हरशेजारची जागा मिळते, म्हणजे थेट डेकसमोरची. मामा डॅशबोर्डावरच्या गणपतीला उदबत्ती ओवाळतात, किल्ली फिरवतात आणि लताबाईंच्या आवाजात गणपतीची आरती सुरू होते. ही आरती समर्थ रामदासांची म्हणून घरोघरी म्हटली जाते, आणि समर्थांचं जांब याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. गाडी भरेपर्यंत आरती दोनदा वाजते.

जालन्याच्या रस्त्याला लागताच सुलोचनाबाईंची लावणी लागते. आत्ताच आरती आणि लगेच ढोलकी! मागं बसलेली नर्सताई डबा मांडीवर धरून हसते. लावणीमागून भोजपुरी गाणं येतं. "हे कोणाचं हाय वो मामा?" मधल्या सीटवरचे टोपीवाले बाबा विचारतात.

"एमआयडीसीतली पोरं रात्री बसत्यात ना, सळईच्या कारखान्यातली. त्यांनी भरून देलं."

पेनड्राइव्ह असाच भरत गेलाय. जो बसला त्यानं काहीतरी ठेवलं. मला हे फार आवडतं. घरी मी माझीच गाणी ऐकतो, इथं दुसऱ्यांची कानावर येतात, आणि त्यातलं एखादं दिवसभर सोबत राहतं.

रस्त्याच्या कडेला मोसंबीच्या बागा येतात. आंबिया बहार फुललाय. मामा न सांगता काच खाली करतात, आवाज थोडा कमी करतात. गोडसर वास गाडीभर पसरतो. कोणीच बोलत नाही.

मग प्रल्हाद शिंदे लागतात आणि गाडी जागी होते. विठ्ठलाचं गाणं आहे. बाबा डोळे मिटतात, बोटं गुडघ्यावर टाळ धरतात. पाठोपाठ त्याच आवाजात भीमगीत. आता शेवटच्या सीटवरचा कॉलेजातला पोरगा कानातला इअरफोन काढतो. "आमच्या आजोबाला हे सगळं पाठ व्हतं," तो म्हणतो.

"म्या तं त्याला इठ्ठलाचाच समजत व्हतो," बाबा म्हणतात.

"अहो, ते कव्वालीतले! मुकाबले गाजवले त्यांनी," दाराजवळचे चाचा पुढं झुकतात. "मामा, कव्वाली है क्या?"

चाचांचं खरं आहे. 1933 साली जन्मलेला हा माणूस कव्वाली गायला, विठ्ठल गायला आणि बाबासाहेबही गायला. 2004 साली गेला. आनंद शिंदे त्यांचा मुलगा, आदर्श शिंदे नातू. पोराच्या इअरफोनमध्ये नातूच असायचा. मोठमोठ्या सभागृहांत या आवाजाला मिळायला हवा होता तेवढा मान मिळाला नाही, असं मला वाटतं. काळीपिवळीत मात्र तो रोज पहिल्या फेरीला असतो.

मामा एका हातानं बटण दाबत जातात. पाच-सहा गाणी सरकतात आणि कव्वाली सापडते. पेटी, मग टाळ्या. पोरगा पाठीमागून टाळीत टाळी मिसळतो. सुरुवातीला चुकतो, मग बरोबर पडते. बाबाही मान डोलवतात.

अंबड चौफुली येते. मामा गाडी कडेला घेतात, इंजिन बंद करतात आणि सवयीनं डेककडेही हात नेतात.

"कामून बंद करता? व्हऊ द्या की पुरं," बाबाच म्हणतात.

हात मागं येतो. नर्सताई घड्याळ बघते आणि बसून राहते. चाचा उतरलेत, पण दाराची कडी धरून तिथंच उभे आहेत. बाजूनं ट्रक जातो तेव्हा टाळ्या ऐकू येत नाहीत, ट्रक गेला की पुन्हा येतात.