‘फक्त पोस्टर’ मिळालंय?

मेल येतो. ॲब्स्ट्रॅक्ट सिलेक्ट झालंय, पण पेपर वाचायला नाही, पोस्टरसाठी. लगेच आपला चेहरा पडतो. कुणी विचारलं की ‘अगं, पोस्टरच आहे फक्त’ असं म्हणून आपण विषय संपवतो. बी.एड., एम.एड.ला असाल तर हे नक्कीच ऐकलं असेल, नाहीतर स्वतःच म्हटलं असेल.

जरा हिशेब करा ना. पेपर वाचायला मिळणार जेमतेम दहा मिनिटं. समोर जेवून पेंगुळलेलं सभागृह, अध्यक्ष घड्याळ दाखवतायत आणि प्रश्नोत्तरं ‘वेळेअभावी’ रद्द. पोस्टरपाशी मात्र तुम्ही तासभर उभे असता आणि ज्याला खरंच काही विचारायचंय तोच तिथे थांबतो. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची ‘एपिस्टीम’ ही विज्ञान, तंत्रज्ञान आणि गणिताच्या शिक्षणावरची आंतरराष्ट्रीय परिषद आहे. पहिली २००४मध्ये गोव्यात झाली होती. तिथेही पेपरांच्या जोडीला पोस्टर असतात. आपल्या विद्यापीठांच्या ‘आविष्कार’मध्ये तर सुरुवातच पोस्टरपासून होते. तेव्हा ‘फक्त’ हा शब्द आधी काढून टाका.

आता खरा घोळ. आपण पोस्टर करतो म्हणजे काय करतो? प्रोजेक्टचा रिपोर्ट उघडतो आणि प्रस्तावना, उद्दिष्टं, गृहीतकं, कार्यपद्धती, निष्कर्ष असं सगळं उचलून चौकोनांत चिकटवतो. मागे फुलांचं नाहीतर ढगांचं बॅकग्राउंड. वर कॉलेजचा लोगो एवढा मोठा, की कॉलेजचीच जाहिरात वाटावी. आणि शीर्षक: ‘इयत्ता तिसरीच्या विद्यार्थ्यांच्या वजाबाकीतील चुकांचा चिकित्सक अभ्यास’. वाचून कळलं काय? एवढंच की अभ्यास केला आणि तो चिकित्सक होता.

हेच उदाहरण पुढे नेऊ. समजा, तुम्ही तिसरीच्या वह्या तपासल्या आणि ५२ वजा २७ या गणिताचं उत्तर बऱ्याच मुलांनी ३५ लिहिलेलं दिसलं. पहिल्यांदा वाटतं, हातचा विसरली. नीट बघा. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलाने सातातून दोन काढले. पाच. मग पाचातून दोन, तीन. तो काही विसरलेला नाही. ‘नेहमी मोठ्यातून लहान काढायचा’ हा स्वतःचा नियम त्याने इमानदारीत पाळलाय. गणितशिक्षणाच्या अभ्यासकांना ही चूक चांगली माहितीये, पण तुमच्या समोर थांबलेल्या शिक्षकाला ती आजच दिसणार असेल. मग मधोमध, लांबून दिसेल एवढ्या अक्षरात तेच लिहा: ‘मुलं हातचा विसरत नाहीत, मोठ्यातून लहान काढतात.’ खाली वहीतलं ते एक गणित. बस. टक्केवारीचा तक्ता बाजूला लहान, आणि सगळा रिपोर्ट क्यूआर कोडमध्ये.

ही युक्ती काही नवी नाही. २०१९मध्ये माइक मॉरिसन नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या पीएच.डी. विद्यार्थ्याने यूट्यूबवर एक कार्टून टाकलं. मुख्य निष्कर्ष मधोमध, मोठ्ठा, साध्या भाषेत; तपशील कडेला; बाकीचं क्यूआरमध्ये. ते जगभर पसरलं. त्यावर टीकाही झाली, की मधल्या एका वाक्यापायी पुरावा कोपऱ्यात जातो. टीकेत तथ्य आहे. म्हणून मी म्हणेन, वाक्य मोठं ठेवा, पण त्याला चिकटून एक खरा पुरावा हवाच. इथे तो म्हणजे वहीतलं गणित.

साइझ आधी ठरवा. परिपत्रकात ए-झिरो उभं मागितलं असेल, तर ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. पॉवरपॉइंटमध्ये काम सुरू करण्याआधीच स्लाइडला हे माप द्या. नंतर ताणलं की सगळं विस्कटतं. अक्षर वाचता येईल का, हे बघायला सोपी परीक्षा आहे. तेच पोस्टर ए-फोरवर छापा आणि हातभर लांब धरा. ए-झिरोवरचा २४ पॉइंटचा मजकूर तिथे सहा पॉइंटचा होतो. तो वाचता आला तर ठीक, नाही आला तर मजकूर कापा. फॉन्ट लहान करून जागा काढू नका, प्लीज.

मराठीत पोस्टर असेल तर आणखी एक भानगड. तुमच्या लॅपटॉपवर सुंदर दिसणारी देवनागरी फ्लेक्सवाल्याच्या कोरल ड्रॉमध्ये उघडली की जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जाऊन बसतात. फाइल पीडीएफ करूनच द्या आणि ‘दादा, हीच छापा, उघडून सेट करू नका’ असं सांगा. छपाईआधी स्क्रीनवर ‘दुसऱ्या’, ‘विद्यार्थ्यांच्या’, ‘निष्कर्ष’ हे तीन शब्द शोधून बघा. हे नीट असतील तर बाकीचंही बहुतेक नीट असतं. ‘मुक्ता’ हा मुंबईच्या ‘एक टाइप’चा फॉन्ट फुकट मिळतो आणि लांबून स्वच्छ वाचता येतो. आपल्याला मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील (मला हवेच असतात), तर ‘टिरो देवनागरी मराठी’ बघा. आणि हो, फोटो व्हॉट्सॲपवर मागवायचे तर डॉक्युमेंट म्हणून मागवा. नाहीतर तीन फुटांवर मुलांऐवजी ठिपके दिसतील.

फोटोंचा विषय निघालाच आहे, तर यावर जरा थांबू. शिक्षणाच्या परिषदांतल्या पोस्टरवर मुलांचे हसरे चेहरे सर्रास असतात. शेजारीच लिहिलेलं असतं, ‘वाचनात मागे असलेले विद्यार्थी’. त्या मुलीला कुणी विचारलं होतं? तिच्या आईला? मुख्याध्यापकांनी वर्गात बसायला दिलेली परवानगी म्हणजे फोटो छापायची परवानगी नव्हे. वहीचं पान लावायचं तर वरचं नाव झाका. शाळेचं नाव खरंच गरजेचं आहे का, विचार करा. छोट्या गावात ‘इयत्ता तिसरी, जिल्हा परिषद शाळा’ एवढ्यावरही पोर ओळखू येतं. चेहऱ्यापेक्षा ‘५२ वजा २७ बरोबर ३५’ हे पेन्सिलीतलं अक्षर कितीतरी जास्त बोलतं. पोस्टर इंग्रजीत असलं तरी मुलाने स्वतःच्या शब्दांत काही सांगितलं असेल, तर ते मराठीतच ठेवा आणि खाली भाषांतर द्या.

प्रत्यक्ष दिवशी पोस्टरसमोर उभं राहू नका, बाजूला राहा. कुणी थांबलं की पाठ केलेलं भाषण सुरू करण्यापेक्षा विचारा, ‘तुम्ही कोणत्या वर्गाला शिकवता?’ मग तुमचं दोन मिनिटांत सांगा. कुणी म्हणेल, ‘आमच्याकडे चौथीतही असंच होतं.’ ते तिथेच वहीत टिपून घ्या. पिना, दोन्हीकडून चिकटणारी टेप आणि कात्री आपली आपण न्या. आयोजकांकडची टेप कायम दुसऱ्याच कुणाकडे असते.

परिषद संपली की ते पोस्टर गुंडाळून हॉस्टेलच्या कपाटावर टाकू नका. ए-थ्रीवर मराठीत एक प्रत काढा आणि ज्या तिसरीच्या बाईंनी त्यांचे तास तुम्हाला दिले, त्यांना नेऊन द्या. मधल्या सुट्टीत जा, तेव्हा त्यांना थोडा वेळ असतो.