विश्लेषण : वजन घटवणारे इंजेक्शन सुरू केले, तरी काटा इतका हळू का सरकतो?

नागपूरचे खासदार आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया करून घेतली. आपले वजन १३५ किलोंवरून ९३ किलोंवर आल्याचे त्यांनी २०२२ मध्ये उज्जैनच्या कार्यक्रमात जाहीरपणे सांगितले होते. आता शस्त्रक्रियेशिवाय, आठवड्याला एक इंजेक्शन घेऊन वजन घटवण्याचा पर्याय आला आहे. मात्र महिना-दोन महिन्यांत काटा फारसा हलला नाही की अनेकांचा धीर सुटतो. त्यामागचे गणित काय?

औषध कसे काम करते?

भारतात मार्च २०२५ मध्ये मौंजारो (टिर्झेपेटाइड) आणि जून २०२५ मध्ये वेगोव्ही (सेमाग्लुटाइड) दाखल झाले. जेवणानंतर आतड्यात तयार होणाऱ्या संप्रेरकांसारखे हे औषध वागते. भूक मंदावते, पोट हळू रिकामे होते आणि थोडक्यात समाधान होते. ते थेट चरबी जाळत नाही. कमी खाल्ले जाते, म्हणून वजन उतरते.

पहिले महिने संथ का?

कारण डोस मुद्दाम कमी ठेवलेला असतो. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होते आणि दर चार आठवड्यांनी वाढवत २.४ मिलिग्रॅमपर्यंत न्यायला १६ आठवडे लागतात. टिर्झेपेटाइडचा पहिला २.५ मिलिग्रॅमचा डोस शरीराला सवय लागावी म्हणूनच असतो. घाईने डोस वाढवला तर मळमळ, उलट्या, जुलाब किंवा बद्धकोष्ठतेचा त्रास वाढतो.

किती घट अपेक्षित?

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के घटले. म्हणजे ९० किलोंच्या व्यक्तीचे साडेतेरा किलो. आठवड्याला हिशेब केला तर जेमतेम २०० ग्रॅम! शरीरातील पाण्यामुळे एका दिवसात वजन याहून जास्त वर-खाली होते. त्यामुळे रोज काट्यावर उभे राहून निराश होण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी वजन करावे आणि कमरेचा घेरही मोजावा. शिवाय सरासरी म्हणजे हमी नव्हे. काहींचे वजन जास्त उतरते, काहींचे कमी.

वजन एका जागी थांबले तर?

वजन घटले की शरीराची ऊर्जेची गरजही घटते. त्यामुळे कधीतरी काटा स्थिरावतोच. त्याचा अर्थ औषध निकामी झाले असा नाही. मात्र घटलेल्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो. म्हणून डाळ, उसळ, अंडी, दही ताटात हवे आणि चालण्याच्या जोडीला ताकदीचे व्यायाम हवेत. भूक नाही म्हणून सकाळी तर्री-पोहे आणि दिवसभर काहीच नाही, हे चालणार नाही.

नागपूरकरांनी काय जपावे?

न वापरलेले औषध २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या शहरात ते गाडीत किंवा पिशवीत विसरणे महागात पडू शकते. उलट्या-जुलाब आणि उन्हाळा एकत्र आले तर शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते.

मध्येच सोडले तर?

खरी मेख इथे आहे. सेमाग्लुटाइड बंद केल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचे अभ्यासात दिसले. भारतात आले तेव्हा मौंजारोच्या २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती, म्हणजे चार आठवड्यांना १४ हजार. त्यामुळे ‘किती दिवस परवडेल’ हा प्रश्न पहिल्या इंजेक्शनआधीच डॉक्टरांना विचारायला हवा.

कोणासाठी नाही?

गर्भवतींनी हे औषध घेऊ नये. कुटुंबात मेड्युलरी थायरॉइड कर्करोग असेल, तर ते टाळावे. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. लग्नाआधी चार किलो उतरवण्यासाठी तर हे औषध नाहीच.