दूरस्थ प्रवेशाची राखण

राउटर ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात साऱ्या नेटवर्कची वाहतूक. सिस्कोच्या राउटरवर दूरस्थ प्रवेशासाठी सामान्यतः ० ते ४ अशा पाच आभासी वाटा असतात. पाचही वाटांना पासवर्ड देऊन ‘लॉगिन’ ही आज्ञा द्यावी. ‘नो लॉगिन’ असल्यास दिलेला पासवर्डही विचारला जात नाही. परंतु एवढ्याने भागत नाही. टेलनेटवरून पासवर्ड उघड्या अक्षरांत जातो व वाटेत वाचता येतो. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर अशी चोरी झाल्यावर १९९५ मध्ये तातू युलोनेन यांनी एसएसएच निर्माण केले. त्यात सर्व संवाद सांकेतिक रूपात जातो. म्हणून या क्षेत्रात काम करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना आम्ही सुचवितो, की टेलनेट बंद करून केवळ एसएसएचच चालू ठेवावे.